जुन्या एससीओ युनिक्स मशीनला डीडीएस-३ टेप ड्राइव्ह कसा जोडावा?

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या तरुण क्लार्कने विचारलंय. संस्थेत एससीओ ओपनसर्व्हर ५.०.५ या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं जुनं मशीन आहे. नवं सॉफ्टवेअर आलं, पण जुन्या थकीत कर्जांची खाती त्यातच राहिली. आठवड्याला दोन-चार वसुलीच्या नोंदी अजून त्यातच होतात, आणि दाव्यासाठी खातेउतारा लागला की तोही तिथूनच काढावा लागतो. पाव इंची कॅसेटचा पूर्वीचा टेप ड्राइव्ह बंद पडला, म्हणून बंगळूरच्या एसपी रोडवरून एचपीचा वापरलेला डीडीएस-३ ड्राइव्ह (छोट्या डिजिटल कॅसेटवर डेटा लिहिणारा) आणलाय. मशीनमध्ये ॲडॅप्टेक २९४०यूडब्ल्यू हे स्कझी कार्ड आहे, म्हणजे डिस्क, टेप वगैरे एका साखळीत जोडणारं कार्ड. वाइड (६८ पिनांची) डिस्क आयडी ० वर आणि नॅरो (५० पिनांचा) सीडी-रॉम आयडी ५ वर; आयडी म्हणजे साखळीतल्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक. ड्राइव्हला आयडी कोणता द्यायचा, कर्नलमध्ये, म्हणजे युनिक्सच्या गाभ्यात, तो कसा आणायचा, फाइली एकत्र बांधून टेपवर लिहायला टार ही आज्ञा वापरायची की सीपीआयओ, आणि दर शनिवारी बॅकअप आपोआप कसा घ्यायचा, हे त्यांना हवंय.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात पतसंस्था, अडत दुकानं आणि उद्यमबागेतल्या फौंड्र्यांमध्ये मी वर्षानुवर्षं हीच मशीनं सांभाळली आहेत. त्यामुळे सगळं क्रमाने सांगतो. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा, जिथे मोठं अक्षर हवं तिथे मी सांगेन.

सर्वांत आधी एक विनंती. स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. मशीन अजून चालू आहे, डिस्क अजून फिरतेय, तोवर आतला डेटा दुसऱ्या एखाद्या वाटेने बाहेर काढा. ड्राइव्ह बसवायचा म्हणजे मशीन पूर्ण बंद करायचं, उघडायचं आणि नवीन कर्नल बांधायचा. पंचवीस वर्षांच्या मशीनला यातली प्रत्येक गोष्ट जड जाते. वर्षानुवर्षं सतत फिरलेली डिस्क एकदा थांबली, थंड झाली, की काही वेळा हेड प्लॅटरला चिकटून बसतं आणि डिस्क पुन्हा फिरतच नाही. बॅकअपची सोय करताना मूळ डेटाच गेल्याचं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा लोकांनी ‘आधी ड्राइव्ह बसवू, मग बॅकअप घेऊच की’ असं म्हटलं होतं.

नेटवर्क कार्ड असेल तर काम सोपं आहे. एखाद्या पीसीवरून एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली आणण्याच्या प्रोग्रामने, या मशीनला जोडा आणि डेटाची डिरेक्टरी उतरवून घ्या. त्या वेळी सगळ्या टर्मिनलवरून लोकांना लॉग-आउट करायला सांगा. एफटीपीत शिरल्यावर पहिली आज्ञा ‘बायनरी’ची द्या. विंडोजचा आज्ञावलीवरचा एफटीपी काहीच सांगितलं नाही तर मजकूर पद्धतीने फाइल आणतो आणि ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतो. खात्यांच्या नोंदींची डीबीएफ फाइल अशी आली की ती मोडलीच म्हणून समजा.

नेटवर्क नसेल तर सिरीयल केबल राहते, पण ९६०० बॉडवर १०० एमबी जायला तीस तास लागतात. आधी कॉम्प्रेस करा, दोन्हीकडचं पोर्ट ३८४०० झेपवत असेल तर वेग वाढवा, आणि झी-मोडेम किंवा कर्मिटसारखा चुका तपासणारा प्रोटोकॉल वापरा.

आपल्या भागातली एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. सभासदांची नावं मराठीत भरलेली असतील, म्हणजे भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड किंवा जिस्ट टर्मिनल वापरलेलं असेल, तर ती नावं इस्कीत आहेत. भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या या संकेतात देवनागरी आणि कन्नड अक्षरांना एकच क्रमांक आहेत. म्हणून त्या टर्मिनलवर लिपी बदलली की तेच नाव कन्नडमध्ये दिसायचं, आणि सीमाभागातल्या कचेऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होता. पण ही सगळी अक्षरं १२७ च्या वरच्या क्रमांकांवर बसतात. सिरीयल पोर्ट सात बिटवर ठेवलं तर वरचा बिट कापला जातो आणि ‘पाटील’च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात. रकमा मात्र बरोबर दिसतात, त्यामुळे चूक लगेच कळतही नाही. पोर्ट आठ बिट, पॅरिटी नाही, असंच ठेवा. डेटा उतरवल्यावर मूळ फाइलवर आणि प्रतीवर ‘सम -आर’ ही फाइलीची बेरीज काढणारी आज्ञा चालवून आकडे जुळतात का पाहा.

एवढं हातात आलं की मग मशीन बंद करायचा विचार करा. त्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. बायोसचे सगळे पडदे, कारण मदरबोर्डवरची बॅटरी केव्हाच संपलेली असू शकते आणि वीज काढली की सगळं पुसलं जातं. ॲडॅप्टेकचे पडदे, जे मशीन सुरू होताना कंट्रोल आणि ए दाबल्यावर दिसतात. त्यात एक जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी ‘एक्स्टेंडेड ट्रान्सलेशन’ चालू आहे की बंद, ते नीट लिहा. डिस्क ज्या सेटिंगवर बांधली त्याच सेटिंगवर ती बूट होते. ते बदललं की जागेवर असलेली डिस्कही मशीनला समजत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मशीनमधल्या हार्डवेअरची यादी देणाऱ्या ‘एचडब्ल्यूकॉन्फिग’ या आज्ञेचं सगळं उत्तर, शक्यतो प्रिंटरवर.

दोन तपासण्या चालू मशीनवरच उरका. नवीन कर्नल बांधायला लिंक-किट हा सॉफ्टवेअरचा संच लागतो, आणि काही ठिकाणी जागा वाचवायला तो काढून टाकलेला असतो. सॉफ्टवेअर बसवायचा ‘कस्टम’ प्रोग्राम उघडून तो आहे ना, ते बघा. नसेल तर मूळ सीडी शोधायला आताच लागा. शिवाय ‘डीएफ -व्ही’ देऊन ‘स्टँड’ या छोट्या फाइल सिस्टिमवर जागा किती उरली ते पाहा. नवा कर्नल आणि जुना कर्नल दोन्ही तिथेच राहतात. तिथे कोणीतरी कधीकाळी ठेवलेल्या कर्नलच्या जादा प्रती सापडतात. त्यांची नावं टिपून घेऊन मगच काढा.

आता केबल. २९४०यूडब्ल्यू कार्डावर तीन जोडण्या आहेत: आतली ६८ पिनांची, आतली ५० पिनांची आणि मागची बाहेरची. तिन्ही एकाच वेळी वापरायच्या नाहीत, कोणत्याही दोनच. तुमची डिस्क ६८ पिनांच्या केबलवर आणि सीडी-रॉम ५० पिनांच्या केबलवर आहे. टेप ड्राइव्ह ५० पिनांचाच असला तर तो सीडी-रॉमच्याच केबलवर जाईल. मागे काही जोडू नका. साखळीच्या दोन्ही टोकांना सिग्नल परत उसळू न देणारा टर्मिनेटर लागतो, आणि अशा मांडणीत कार्ड साखळीच्या टोकाला राहत नाही. नॅरो बाजूच्या दृष्टीने ते मध्ये येतं, वाइडच्या वरच्या बाजूसाठी मात्र तेच टोक असतं. म्हणून कार्डाच्या टर्मिनेशनमध्ये ‘लो ऑफ, हाय ऑन’ ठेवावं लागतं. सीडी-रॉम आधीपासून असल्यामुळे हे बहुधा तसंच असेल, पण डोळ्यांनी बघा. स्कझीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी टर्मिनेशनच्या असतात, आणि त्या सरळ दिसत नाहीत. मशीन बूट होतं, टेपही ओळखली जाते, आणि अर्ध्या तासाने मोठा बॅकअप चालू असताना अडकतं.

टेप ड्राइव्ह केबलच्या मधल्या जोडणीवर लावा आणि टोकाला सीडी-रॉम राहू द्या. सीडी-रॉमचा टर्मिनेटर चालू आणि टेपचा बंद, म्हणजे वापरलेल्या ड्राइव्हवर टर्मिनेटर आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. केबलची लाल कड पिन १ च्या बाजूला. आयडी २ द्या. एससीओच्या जगात टेपला २ आणि सीडी-रॉमला ५ हाच रिवाज होता, आणि तुमच्यानंतर हे मशीन उघडणारा माणूसही तिथेच शोधेल. ७ कार्डाचा स्वतःचा असतो, तो कधीच द्यायचा नाही. आयडीच्या जंपरचा नकाशा ड्राइव्हच्या पोटावर छापलेला असतो. धूळ पुसा, तो दिसेल.

मशीन सुरू करून पुन्हा कंट्रोल-ए दाबा आणि कार्डाकडून बस, म्हणजे उपकरणांची सगळी साखळी, तपासून घ्या. ०, २ आणि ५ तिन्ही दिसायला हवेत. २ दिसत नसेल तर युनिक्सपर्यंत जाऊच नका, दोष केबल, जंपर किंवा ड्राइव्हमध्येच आहे. तिन्ही दिसले की त्याच कार्डाच्या पडद्यावर आयडी २ साठी ‘डिस्कनेक्शन’ चालू ठेवा. टेप मागे गुंडाळायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिने बस सोडून द्यायला हवी, नाहीतर डिस्क खोळंबते आणि सगळी टर्मिनलं गोठल्यासारखी होतात.

युनिक्समध्ये रूट म्हणून शिरा. टर्मिनलवर कोणी नसताना ‘एमकेडेव्ह टेप’ द्या. प्रश्नोत्तरांचा मेनू येतो. ‘इन्स्टॉल’, मग स्कझी, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग कार्डाचा क्रमांक, आयडी आणि एलयूएन (एकाच आयडीखालच्या उपकरणाचा उपक्रमांक). २९४० साठी ड्रायव्हरचं चार अक्षरी नाव ए-एल-ए-डी आहे. डिस्कसाठी तोच लागलेला असणार, तुम्ही छापून घेतलेल्या कागदावर ते दिसेल. कार्ड एकच असेल तर क्रमांक ०, आयडी २, एलयूएन ०. शेवटी कर्नल आता बांधू का, हाच कर्नल यापुढे वापरू का, डिव्हाइस फाइल नव्याने करू का, असे प्रश्न येतात. तिन्हींना होय. बांधणी सुरू असताना वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवर आणि पावसाळ्यात वाऱ्याची संध्याकाळ टाळून करा. खानापूरकडे आषाढात वीज दिवसातून किती वेळा जाते, ते तुम्हाला सांगायला नको.

कर्नल बांधून झाला की जुना ‘युनिक्स डॉट ओल्ड’ नावाने शिल्लक राहतो. नवीन कर्नलने मशीन उठलं नाही तर घाबरू नका. ‘बूट’ असं लिहून येतं तिथे ते जुनं नाव टाइप करा, मशीन कालच्यासारखं उठेल. पण सगळं नीट होईपर्यंत दुसऱ्यांदा कर्नल बांधू नका, कारण दुसऱ्या वेळी चालणारा जुना कर्नल पुसला जाऊन त्याच्या जागी बिघडलेला बसतो.

बूट होताना हार्डवेअरची यादी सरकत जाते. त्यात ‘टेप’ या शब्दाने सुरू होणारी ओळ हवी, आणि तिच्यात एचए (कार्डाचा क्रमांक) ०, आयडी २, एलयूएन ० हे असावं. ओळ निसटली तर ‘एचडब्ल्यूकॉन्फिग’मध्ये पुन्हा दिसते. यानंतर ‘डेव्ह’ डिरेक्टरीत तीन नावं महत्त्वाची: आर-एस-टी-पी-०, एन-आर-एस-टी-पी-० आणि एक्स-एस-टी-पी-०. यातला एस मोठा, बाकी सगळं छोटं. एक्सने सुरू होणारं नाव फक्त ड्राइव्हला हुकूम द्यायला आहे. ‘टेप स्टेटस’ ही आज्ञा त्या नावावर द्या आणि उत्तर येतं का पाहा.

पहिल्या दोन नावांतला फरक नीट समजून घ्या. ‘आर’वालं नाव काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळतं. ‘एन-आर’वालं टेप आहे तिथेच ठेवतं. निपाणीच्या एका संस्थेत महिनाअखेरच्या स्क्रिप्टमध्ये आधी खतावणी, मग पिग्मीची खाती आणि शेवटी सभासद नोंदवही अशा तीन टार आज्ञा होत्या, आणि तिन्ही ‘आर’वाल्या नावावर. प्रत्येक आज्ञा आधीचीवर लिहीत होती. टेपवर शेवटी फक्त सभासद नोंदवही उरायची. एकदा डिस्क गेली तेव्हा पिग्मी एजंटांच्या पावतीपुस्तकांवरून आठवडेच्या आठवडे खाती पुन्हा लिहावी लागली. एजंटांनी हाताने लिहिलेल्या पावत्या नीट जपल्या होत्या म्हणून ते जमलं. तुम्ही सगळं एकाच टारमध्ये घ्या. वेगवेगळं हवंच असेल तर शेवटचं सोडून सगळी ‘एन-आर’वर लिहा.

पहिली कॅसेट टाकण्याआधी ड्राइव्ह साफ करा. सेकंड-हँड ड्राइव्हच्या फिरत्या हेडवर आधीच्या मालकाच्या टेपची पूड बसलेली असते. डीडीएसची क्लीनिंग कॅसेट मिळते, ती साधारण पन्नास वेळा वापरता येते. टाकली की ती आपोआप चालून बाहेर येते. कापूस आणि स्पिरिट आत घालू नका. टेप रेकॉर्डरच्या स्थिर हेडला ते चालायचं, हे हेड फिरणारं आणि नाजूक आहे. पुढेही साधारण पंचवीस तास वापर झाला की साफ करा. गाण्यांच्या डिजिटल ऑडिओ टेपच्या कॅसेट दिसायला अगदी अशाच असतात, पण त्या घेऊ नका. डीडीएसचं चिन्ह असलेलीच कॅसेट घ्या. डीडीएस-३ ची कॅसेट १२५ मीटरची, कॉम्प्रेशनशिवाय १२ जीबी. तुमचा सगळा डेटा एका कॅसेटमध्ये कितीतरी वेळा मावेल, म्हणून कॉम्प्रेशनच्या मागे लागूच नका. आधी कॉम्प्रेस करून मग टेपवर लिहिलं तर मध्ये एक जागा खराब झाली की तिथून पुढचं सगळं जातं. उघड्या टारमध्ये तेवढी एखादी फाइल जाते, बाकीची काढता येतात.

आता टार की सीपीआयओ? खातेवहीच्या डेटासाठी टार घ्या. पुढे कोणत्याही लिनक्सवर ते उघडेल. पूर्ण यंत्रणेसाठी, म्हणजे डिव्हाइस फाइल आणि रिकाम्या डिरेक्टरींसकट सगळं परत उभं करायचं असेल तर, ‘फाइंड’ची यादी सीपीआयओला द्या, ‘ओ-सी-व्ही-बी’ या पर्यायांनी. यातलं बी मोठं. छोट्या सीमुळे फाइलची माहिती साध्या अक्षरांत लिहिली जाते आणि दुसऱ्या यंत्रावर वाचता येते. वर्षातून दोनदा सीपीआयओ आणि दर आठवड्याला टार एवढं तुम्हाला पुरेल.

टार करताना आधी ‘सीडी’ने डेटाच्या वरच्या डिरेक्टरीत जा आणि नाव ठिपक्याने सुरू होणारं द्या. पूर्ण वाट, म्हणजे तिरप्या रेघेने सुरू होणारं नाव, देऊ नका. जुना टार पूर्ण वाट जशीच्या तशी टेपवर लिहितो. मग सहा महिन्यांपूर्वीची एक फाइल बघायला कोणी टेप उघडली की ती सहा महिन्यांपूर्वीची खतावणी आजच्या खतावणीवरच जाऊन बसते. चुकून पूर्ण वाटेने घेतलेली टेप हातात असेल तर उघडताना एससीओच्या टारला मोठा ए हा पर्याय द्या, तो पुढची तिरपी रेघ काढून टाकतो.

बॅकअपच्या वेळी खाती उघडी नसावीत. फॉक्सबेस असो की कोबोल, लिहिणं चालू असताना फाइल उचलली तर तिचा अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा येऊ शकतो. इंडेक्स पुन्हा बांधता येतात, मूळ नोंदी नाही. शनिवारी दुपारी कामकाज संपलं, किर्द टाली झाली, की रात्री आठला क्रॉनकडून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीकडून, बॅकअपची स्क्रिप्ट चालवा. स्क्रिप्टने आधी ‘टेप स्टेटस’ बघावं, मग टार घ्यावं, मग त्याच टेपवर ‘टार टी-व्ही-एफ’ चालवून यादी वाचून काढावी. डीडीएस-३ सेकंदाला सुमारे एक एमबी लिहितो, म्हणजे ७०० एमबीला बारा मिनिटं, आणि वाचायला जवळजवळ तेवढीच.

इथे एक बारीक चूक मी फार ठिकाणी दुरुस्त केलीय. पडदाही दिसावा आणि नोंदही राहावी म्हणून लोक टारचं उत्तर पाइपने ‘टी’ (टी-ई-ई) या आज्ञेकडे देतात आणि मग काम यशस्वी झालं का ते विचारतात. मिळतो तो शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे ‘टी’चा निकाल. तो नेहमी यशस्वीच असतो. टार मध्येच पडला तरी सोमवारी रूटच्या मेलमध्ये ‘बॅकअप पूर्ण’ असंच दिसतं. टारचं उत्तर सरळ फाइलमध्ये वळवा, लगेच निकाल तपासा, आणि शून्य नसेल तर तोच मजकूर डॉट मॅट्रिक्सवर छापून काढा. सोमवारी येणाऱ्या माणसाला मेल बघायची सवय नसते, प्रिंटरवर लोंबणारा कागद मात्र दिसतोच.

बूट फ्लॉपी विसरू नका. ‘एमकेडेव्ह एफडी’ने केलेल्या आणीबाणीच्या फ्लॉपी संस्थेच्या कपाटात असतील, पण त्या जुन्या कर्नलच्या आहेत आणि त्या कर्नलला हा टेप ड्राइव्ह माहीत नाही. डिस्क गेल्यावर त्या फ्लॉपीने मशीन उठेल, पण टेप समोर असून वाचता येणार नाही. नवीन कर्नल नीट चालतो याची खात्री झाली की त्याच दिवशी फ्लॉपी नव्याने करा, त्यांवरून एकदा बूट करा, आणि तिथून ‘टेप स्टेटस’ला उत्तर येतं का तेही बघा. नव्या फ्लॉपी आता मिळणं अवघड आहे, म्हणून चार-पाच डब्यांतून चांगल्या निवडून घ्या.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. ज्या ड्राइव्हने टेप लिहिली त्याच ड्राइव्हने ती वाचून समाधान मानू नका. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत दर आठवड्याला टेप निघत होती, यादीही वाचली जात होती. ड्राइव्ह गेल्यावर दुसरा आणला, तर त्याला एकही टेप वाचता येईना. पहिल्या ड्राइव्हच्या हेडची ठेवण हळूहळू सरकली होती. तो स्वतः लिहिलेलं स्वतः वाचत होता आणि जगातला दुसरा कोणताही ड्राइव्ह ते वाचू शकत नव्हता. तुमचा ड्राइव्ह वापरलेला आहे, त्यामुळे हा धोका तुम्हाला जास्त. बेळगावात कोणाकडे तरी डीडीएस-३, डीडीएस-४ किंवा डॅट-७२ ड्राइव्ह सापडतोच. हे तिन्ही तुमची कॅसेट वाचतात. डॅट-१६० मात्र चालणार नाही. एखाद्या जुन्या पीसीत स्कझी कार्ड टाकून लिनक्स चालवा, तिथे कॅसेट उघडा. लिनक्सवर टेपचं नाव एसटी-०, आणि न गुंडाळणारं एनएसटी-०. ब्लॉकचा, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकार जुळत नाही अशी तक्रार आली तर ‘एमटी’ने ब्लॉक ० करून बघा, म्हणजे तो येईल त्या आकाराचा ब्लॉक स्वीकारतो.

कॅसेट घालण्याआधी तिची लिहिण्याची खिटी सरकवा. छिद्र उघडं दिसलं की लिहिणं बंद. वेगळ्या रिकाम्या डिरेक्टरीत सगळं काढा, आणि चार मोठ्या फाइलींचा ‘सम -आर’ मूळ मशीनवरच्या आकड्यांशी ताडून बघा. ते जुळले की मग म्हणा बॅकअप आहे. पहिल्या टेपवर हे करा, मग दर तीन महिन्यांनी एकदा.

कॅसेट किती? शनिवारच्या चार, आळीपाळीने. महिनाअखेरच्या वेगळ्या. ३१ मार्चची दर वर्षी नवी कोरी, आणि ती पुन्हा कधीही वापरायची नाही. वर चिठ्ठी लावा: तारीख, मशीन, टार की सीपीआयओ, ब्लॉकचा आकार, कोणत्या डिरेक्टरीतून घेतली, आणि नावं इस्कीत आहेत हेही. दहा वर्षांनी ती उघडणारा माणूस हे मशीन बघितलेला नसेल. कॅसेटवर काय आहे आणि ते कसं काढायचं, हे त्याला चिठ्ठीवरूनच कळायला हवं.

ठेवायच्या जागेबद्दल. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने हवेतला ओलावा कशालाच सोडत नाही. टेपला बुरशी धरते, थर एकमेकांना चिकटतात, आणि तशी टेप ड्राइव्हमध्ये घातली तर हेडही जातं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. मोठ्या स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ डबा नको. एक संच संस्थेच्या तिजोरीत आणि एक दुसऱ्या शाखेत किंवा सचिवांच्या घरी. बाहेरून आणलेली कॅसेट लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस खोलीत राहू द्या.

कपाटातल्या जुन्या पाव इंची कॅसेट टाकून देऊ नका. त्यांच्या आतला पट्टा वर्षांनी सैल पडतो किंवा तुटतो, म्हणून कोणाच्याही ड्राइव्हमध्ये सहज घालून बघू नका. टेप बहुतेकदा चांगली असते, पट्टा दुसऱ्या कॅसेटमधला घालून एकदाच, काळजीपूर्वक वाचता येते. त्यांत तुमच्या संस्थेची सुरुवातीची वर्षं असतील, जी आताच्या डिस्कवर नसतीलही. ते काम स्वतंत्रपणे करू, घाई नाही.

आधी या शनिवारी डेटा पीसीवर उतरवून घ्या. मग मशीन बंद करायच्या आधी ‘एचडब्ल्यूकॉन्फिग’चा कागद आणि ॲडॅप्टेकच्या पडद्यांचे फोटो मला पाठवा. ते बघून टर्मिनेशनबद्दल नक्की सांगतो.